रब्बीच्या तोंडावर पक्ष्यांना मळ्यात बोलवा



पावसाळा सरून दसरा झाला की आपल्या मराठवाड्यातील शिवाराचे रूप पालटते. खरिपाची काढणी उरकत आलेली असते, रब्बीची पेरणी सुरू होते, तूर फुलोऱ्याकडे वळते आणि परसबागेत वांगी, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर उभी राहते. याच सुमारास शिवारात पाखरांची वर्दळ वाढते. इथल्या साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, सातभाई यांच्या जोडीला उत्तरेकडून परीट म्हणजे धोबी पक्षी, पळसमैना आणि इतर पाहुणे पक्षी उतरू लागतात. या पाखरांना मळ्यात टिकवून धरावे, त्यांच्या पोटाची सोय करावी आणि त्यातून आपल्या पिकाचेही राखण करून घ्यावे, यासाठी काय करता येईल याची माहिती या लेखात दिली आहे.

पक्ष्यांना खाऊ घालायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम दाण्याची मूठ येते. दाणा टाकणे हे पुण्याचे काम आहे, अशी आपली परंपराही आहे. परंतु शेतकऱ्याच्या मित्र म्हणविणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना दाण्यापेक्षा अळ्या, नाकतोडे, भुंगेरे आणि उंदीर हवे असतात. हे खाद्य आपल्या शेतात आधीच तयार असते. त्यांना कमी पडते ती टेकण्यास जागा, पिण्यास पाणी, लपण्यास झुडूप आणि विष न लागलेला किडा. या चार गोष्टी दिल्या की पाखरे आपोआप येतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा परिसरात तर, विमानतळ शेजारी असल्यामुळे, दाण्याचे ढीग टाकून थवे गोळा करण्यापेक्षा हीच पद्धत योग्य ठरते. त्याचे कारण पुढे सविस्तर दिले आहे.

कोणता पक्षी काय खातो?

प्रत्येक पक्ष्याचे खाणे आणि बसण्याची सवय वेगळी असते. ती माहीत असली म्हणजे सोय कशी करावी हे उमगते.

कोतवाल : काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या लांब शेपटीचा पक्षी. तारेवर, काठीवर किंवा गुरांच्या पाठीवर बसून टेहळणी करतो आणि उडता किडा हवेतच टिपतो. पिकावरील अळ्याही उचलतो.

साळुंकी : जमिनीवर चालत किडे, नाकतोडे, अळ्या व कोष शोधते. फळेही खाते.

गायबगळा : नांगराच्या किंवा वखराच्या मागे चालतो. उघडी पडलेली हुमणी, अळ्या व कोष वेचतो.

नीलकंठ : तारेवर किंवा उंच खुंटावर स्तब्ध बसतो. नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे खातो. दसऱ्याला याचे दर्शन शुभ मानतात, पण दर्शनासाठी त्याला पकडून पिंजऱ्यात घालणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे.

परीट, हुदहुद व सातभाई : ओलिताखालील वाफ्यांत, बांधावर आणि पालापाचोळ्यात किडे वेचतात.

शिंपी व वटवट्या : परसबागेतील झुडपांत राहून पानामागची बारीक किडे, मावा, लहान अळ्या टिपतात. ही पाखरे आकाराने अंगठ्याएवढी असली तरी दिवसभर काम करतात.

पिंगळा व गव्हाणी घुबड : रात्रीचे राखणदार. पिंगळा मोठे किडे व लहान उंदीर खातो, तर गव्हाणी घुबडाचा मुख्य आहारच उंदीर आहे.

चिमणी व सुगरण हे दाणे खाणारे पक्षी आहेत. तरी पिल्ले वाढविताना ते पिल्लांना अळ्या व किडेच भरवितात, कारण पिल्लाच्या वाढीला लागणारे प्रथिन दाण्यातून पुरेसे मिळत नाही. म्हणजे ज्या शेतात किडाच राहिला नाही, तेथे दाणा कितीही टाकला तरी चिमणीचे घर नांदत नाही.

हरभरा, तूर व मक्यात पक्ष्यांचे काम

हरभऱ्यावरील घाटेअळी ही आपली नेहमीची डोकेदुखी आहे. या किडीची मादी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर एकेक करून अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीस ती पानाचा हिरवा भाग खरवडते व पुढे घाट्याला छिद्र पाडून, अर्धे शरीर बाहेर ठेवून, आतील दाणा खाते. एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करू शकते. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत जाऊन कोष करते.

या जीवनक्रमात पक्षी दोन ठिकाणी आडवे येतात. अळी पानावर किंवा घाट्यावर उघडी असताना कोतवाल, साळुंकी, चिमणी तिला टिपतात आणि मशागतीत कोष वर आला की बगळे, साळुंक्या, कावळे तो वेचतात. अळी मोठी असेल तेवढी ती पक्ष्याच्या नजरेला लवकर पडते. उलट, मोठ्या अळीवर कीटकनाशकाचा परिणाम कमी होतो. म्हणजे फवारणी जेथे कमी पडते तेथे पक्षी उपयोगी पडतो. अंडी व अगदी बारीक अळ्या मात्र पक्ष्यांच्या नजरेतून सुटतात, हेही लक्षात ठेवावे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ही २०१८ साली प्रथमच भारतात आढळली आणि थोड्याच काळात आपल्या मका पट्ट्यात पसरली. ही अळी मोठी झाली की पोंग्यात शिरून बसते व मग पक्ष्याला सापडत नाही. म्हणून मक्यात पक्षी थांबे पेरणीनंतर लगेच उभारावेत. पहिल्या ३० दिवसांत त्यांचा खरा उपयोग होतो.

पक्षी थांबे कसे उभारावेत?

कीड टिपणाऱ्या पक्ष्याला पिकाच्या वर डोके काढून बसण्यास जागा लागते. हरभऱ्याचे झाड कोवळे व बुटके असल्याने त्यावर पक्ष्याला बसता येत नाही. ही अडचण साध्या काठीने दूर होते.

१. तुरीच्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बांबूच्या चिवाट्या किंवा बाभळीच्या सरळ फांद्या घ्याव्यात. विकतचे काहीही लागत नाही.

२. उभ्या काठीच्या टोकाला दीड ते दोन फुटांची आडवी काडी सुतळीने घट्ट बांधावी. आडवी काडी करंगळीएवढी जाड असावी, म्हणजे लहान पक्ष्याच्या पंजाला पकड मिळते. ती डुगडुगत असेल तर पक्षी बसत नाही.

३. थांबा पिकाच्या वर एक ते दीड फूट राहील अशी उंची ठेवावी. पीक वाढेल तशी काठी उंच करावी.

४. हरभऱ्यात हेक्टरी ५० थांबे, म्हणजे एकरी २० लावावेत. दोन थांब्यांत साधारण ४५ फूट अंतर येते. मक्यात एकरी १० थांबे पुरेत. तेथे अंतर सुमारे ६५ फूट राहते.

५. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर अधूनमधून ज्वारीची ताटे उभी राहतात व तेच जिवंत थांबे होतात.

६. पाखरांना थांब्याची सवय लागावी म्हणून पहिले चार-पाच दिवस थांब्याखाली चिमूटभर चुरमुरे किंवा शिजविलेला भात टाकण्यास हरकत नाही. त्यानंतर बंद करावे. पोट भरलेला पक्षी अळी शोधण्याचे कष्ट घेत नाही.

७. दाणे भरू लागले आणि पोपटांचे थवे येऊ लागले तर थांबे काढून घ्यावेत. ज्वारीच्या शेतात कणीस चिकात येण्यापूर्वी थांबे काढणे आवश्यक आहे.

उंदरांसाठी बांधावर आठ-दहा फूट उंचीचे दोन-तीन मजबूत थांबे वेगळे उभारावेत. पिंगळा व घुबड रात्री त्यांवर बसतात.

थांब्यांचा उपयोग होतो की नाही हे कसे ओळखावे?

थांब्याखाली पांढरी विष्ठा पडलेली दिसली म्हणजे पक्षी बसतो आहे असे समजावे. आठ दिवसांत विष्ठा दिसली नाही तर थांब्याची जागा किंवा उंची बदलावी. शेताचा एक कोपरा मुद्दाम थांब्याविना ठेवावा. आठवड्यातून एकदा दोन्ही भागांत प्रत्येकी दहा ठिकाणी एक मीटर ओळीतील अळ्या मोजून वहीत लिहाव्यात. सरासरी एका मीटर ओळीत एक ते दोन अळ्या आढळल्या तर केवळ पक्ष्यांवर विसंबून राहू नये. पुढील उपाय योजावेत. पक्षी हे कीड नियंत्रणाचे एक अंग आहे, तो सगळा उपाय नव्हे. हेक्टरी ५ कामगंध सापळे आणि वेळेवर निंबोळी अर्क यांची जोड हवीच.

विष लागलेला घास

पक्षी बोलावून त्यांना विषारी अळ्या खाऊ घालणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बसवून ताटात विष वाढण्यासारखे आहे. याचे जगातील एक मोठे उदाहरण अर्जेंटिनातील आहे. तेथे १९९५-९६ च्या हंगामात शेतातील टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले. ते टोळ खाऊन उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले हजारो ससाणे शेतांतच मरून पडले. जे पक्षी टोळ संपविण्यास आले होते, तेच संपले. आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत असेच घडले. गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले व त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारताने जनावरांसाठी या औषधाचा वापर २००६ साली बंद केला, पण तोपर्यंत गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. आता गुरांसाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅम वापरता येते.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

पहिली फवारणी पीक कळीवर येताना ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. त्यासाठी ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी व एकूण द्रावण १०० लिटर करावे.

त्यानंतर गरज भासल्यास घाटेअळीच्या विषाणूची, म्हणजे एच.ए.एन.पी.व्ही.ची फवारणी संध्याकाळी करावी, कारण कडक उन्हात विषाणूची शक्ती घटते. हा विषाणू पक्ष्याला अपाय करीत नाही. उलट रोगट अळी खाल्लेला पक्षी विष्ठेतून तो शेतात इतरत्र पसरवितो. अशा अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात; त्या वेचून टाकू नयेत.

रासायनिक कीटकनाशक वापरावेच लागले तर ते संपूर्ण शेतावर न मारता प्रादुर्भाव असलेल्या भागावर, लेबलावरील प्रमाणातच फवारावे. फवारणीनंतर दोन-तीन दिवस त्या भागातील थांबे आडवे करून ठेवावेत.

बीजप्रक्रिया केलेले, लाल-हिरव्या रंगाचे बियाणे पेरणीनंतर उरले तर ते बांधावर किंवा अंगणात ओतू नये. पेरणीच्या वेळी सांडलेले बी मातीआड करावे. रंगीत बियाण्याची मूठ चिमण्या-होल्यांचा आख्खा थवा मारू शकते. कोंबड्यांनाही ते घालू नये.

विषारी गोळ्या खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि घुबडही मरते. म्हणून ज्या शेतात घुबड आहे तेथे बिळे खणणे, सापळे लावणे यांवर भर द्यावा. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.

मशागत सकाळी करा

रब्बीसाठी वखरणी किंवा नांगरट शक्यतो सकाळी करावी. वर आलेली हुमणी, कोष व अळ्या वेचण्यास बगळ्या-साळुंक्यांना पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी नांगरले तर पाखरे थाऱ्याला गेलेली असतात आणि रात्रीतून हुमणी पुन्हा मातीत शिरते. या बदलाला एक पैसाही खर्च नाही.

परसबागेतील व्यवस्था

पाणी : आपल्या भागात पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निरोप घेतो आणि डबकी आटू लागतात. एक पसरट मातीचे परळ घ्यावे. पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नसावे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला टेकता येते. परळ जमिनीपासून चार-पाच फूट उंच ठेवावे आणि झुडपापासून पाच-सहा फूट दूर असावे. फार जवळ ठेवल्यास मांजर दबा धरते. पाणी रोज बदलावे व परळ घासावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते आणि पक्ष्यांत रोग पसरतात.

शेततळे : प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा काठ गुळगुळीत असतो. पाणी पिण्यास उतरलेले पक्षी, खारी, साप त्यात पडले की वर येऊ शकत नाहीत. चारही बाजूंनी काथ्याचा जाड दोर किंवा गाठी मारलेली जुनी जाळी पाण्यात सोडून ठेवावी.

दाणा : दारात चिमण्यांसाठी ज्वारी किंवा बाजरीची दोन-चार कणसे आढ्याला टांगावीत. ही आपली जुनी रीत सर्वांत चांगली. कणसावर चिमणी लोंबकळून खाते, पारवे मात्र तेथे गर्दी करू शकत नाहीत. तळलेले, खारट, बुरशी आलेले किंवा शिळे आंबलेले पदार्थ घालू नयेत. एका दिवसात संपेल एवढेच द्यावे.

कुंपण व झाडे : काटेरी तारेच्या जोडीला करवंद, मेंदी, तरवड यांचे जिवंत कुंपण करावे. शिंपी, वटवट्या, बुलबुल त्यात राहतात. घाणेरी मात्र लावू नये. तिची फळे पाखरे खातात खरी, पण तिचे बी सर्वत्र पसरून ती माळरान गिळते. बांधावर कडुनिंब, बाभूळ, बोर, भोकर, करंज व एखादे उंबर असावे. उंबराला वर्षातून अनेकदा फळे येतात. त्यामुळे पेरू, डाळिंब, सीताफळ यांवरील पक्ष्यांचा भार थोडा हलका होतो. बांधावरची बोर तोडून टाकली की बुलबुल आपल्या पेरूवरच येणार, हे उघड आहे.

घरटी : चिमणीची लाकडी पेटी दसऱ्यानंतर, विणीच्या बऱ्याच आधी टांगावी. भोक सव्वा ते दीड इंचाचेच असावे. मोठे भोक केल्यास साळुंकी शिरते. गव्हाणी घुबडासाठी दोन फूट लांब व सव्वा फूट रुंद-उंच पेटी, अर्ध्या फुटाचे भोक ठेवून, वर्दळीपासून दूर १० ते १५ फूट उंचीवर बसवावी. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतांत अशा पेट्या लावून उंदीर आटोक्यात ठेवले जातात. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांतही हीच पद्धत आहे. आपल्याकडे घुबडाला अपशकुनी मानून हाकलतात आणि दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी त्याचा बळीही देतात. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला पुजतो, तोच आपल्या कणगीचे राखण करतो. त्याला मारणे हा गुन्हाही आहे आणि तोटाही.

चिकलठाणा परिसरातील शेतकऱ्यांसाठी विशेष सूचना

चिकलठाण्याच्या शिवाराला एका बाजूने औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूने विमानतळ आणि जवळून सुखना नदी आहे. येथे पक्षी बोलावताना माणसाच्या जिवाचाही विचार करावा लागतो. उड्डाण करताना किंवा उतरताना विमान जमिनीलगत असते. त्या वेळी घार, बगळा किंवा पारव्यांचा थवा इंजिनात सापडल्यास मोठा अपघात होऊ शकतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाची रानहंसांच्या थव्याशी टक्कर होऊन दोन्ही इंजिने निकामी झाली आणि वैमानिकाला ते हडसन नदीच्या पाण्यावर उतरवावे लागले. सर्व १५५ जण वाचले, हे नशीब. भारतात विमान नियम १९३७ मधील नियम ९१ ने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे-सोलणे, कचरा, घाण व मांसाचे अवशेष टाकणे यांस मनाई केली, ती पक्षी गोळा होतात म्हणूनच.

याचा अर्थ विमानतळाशेजारच्या शेतकऱ्याने पाखरांना हाकलावे असा नाही. पिकात बसून अळी टिपणारा कोतवाल, कुंपणातील शिंपी किंवा अंगणातील चिमणी खाली-खाली उडतात व थव्याने उंच घिरट्या घालत नाहीत. धोका आहे तो मोठ्या आणि थव्याने उडणाऱ्या पक्ष्यांचा. ते येतात कचऱ्यावर, मेलेल्या जनावरांवर आणि दाण्याच्या ढिगांवर. म्हणून या परिसरात पुढील काळजी घ्यावी.

१. पारव्यांना पोत्याने दाणा टाकू नये. पारव्यांच्या थव्यांमुळे आरोग्याचेही प्रश्न उभे राहतात. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपण वाचले असेलच.

२. मेलेले जनावर नदीपात्रात किंवा माळावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावे.

३. कोंबडी व मासळीची घाण, बाजारातील सडका भाजीपाला शेतात उघडा पसरू नये. खड्ड्यात मातीआड करून त्याचे खत करावे.

४. धावपट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या शेतात घुबडाच्या पेट्या व उंच थांबे लावू नयेत. लावण्यापूर्वी विमानतळ व्यवस्थापनाशी बोलावे. उंच वाढणारी फळझाडेही भिंतीपासून दूर घ्यावीत.

म्हणजेच या गावाला जे पथ्य विमानांसाठी पाळावे लागते, तेच पक्ष्यांच्या आणि पिकाच्या हिताचे आहे. ढिगाने दाणा घालू नये, घाण साठू देऊ नये आणि थोड्या-थोड्या जागी पाणी, थांबा व झुडूप द्यावे.

काही नेहमीच्या शंका

प्रश्न : पाखरे पिकाचेही नुकसान करतात. मग त्यांना बोलवायचे कशाला?

उत्तर : नुकसान होते, हे खरे आहे. परंतु हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना मारण्याची देशव्यापी मोहीम काढण्यात आली. चिमण्या संपल्या, टोळ व इतर किडी वाढल्या आणि १९६० साली मारण्याच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. तोपर्यंत देशात दुष्काळ पसरला होता. त्याला इतर कारणे होती, पण चिमण्यांच्या नाशाने त्यात भर घातली.

प्रश्न : पळसमैनांचे थवे ज्वारीवर तुटून पडतात. त्यांचे काय करावे?

उत्तर : ज्वारी चिकात व हुरड्यात असताना राखण करावीच. गोफण, डबे, चमकणाऱ्या फिती वापराव्यात आणि त्यांची जागा दर तीन-चार दिवसांनी बदलावी. गावातील सर्वांनी एकाच वेळी पेरणी केली तर नुकसान वाटले जाते व कोणा एकाचे पीक बुडत नाही. विष मात्र घालू नये. हीच पळसमैना उन्हाळ्यात मध्य आशियात परतते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. आपल्याकडेही ती नाकतोडे खाते. एकच पक्षी एका महिन्यात राखणदार आणि दुसऱ्या महिन्यात चोर असू शकतो. आपण आपले वागणे त्या हंगामापुरते बदलावे.

प्रश्न : बागेत पाखरे फळांना चोची मारतात. जाळी लावावी काय?

उत्तर : पेरू व डाळिंबाच्या फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधाव्यात. जाळी लावल्यास ती ताणून बसवावी व रोज पाहावी. सैल, बारीक नायलॉन जाळ्यात अडकून घुबडे आणि कोतवाल मरतात.

प्रश्न : गावाने मिळून काय करावे?

उत्तर : ५ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०२० पासून हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. हरभरा कोवळा असण्याचा काळही हाच. या आठवड्यात शाळेतील मुलांकडून थांबे बांधून घ्यावेत, कोणत्या थांब्यावर कोणता पक्षी बसतो याची नोंद मुलांना ठेवू द्यावी. शहरातील सलीम अली सरोवर किंवा पैठणचे नाथसागर येथे त्यांना पाहुणे पक्षी दाखवावेत. नाथसागराला १९८६ सालीच पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे.

हंगामाचे वेळापत्रक

दसऱ्याच्या सुमारास : सकाळची मशागत, थांब्यांच्या काठ्या गोळा करणे, परळ मांडणे, शेततळ्यात दोर सोडणे.

पेरणीवेळी : हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळणे, रंगीत बियाणे मातीआड करणे, मक्यात लगेच थांबे लावणे.

हरभरा उगवून तीन आठवडे झाले की : एकरी २० थांबे व कामगंध सापळे.

कळी लागताना : निंबोळी अर्क, आठवड्याला अळ्यांची मोजणी.

घाटे भरताना : पोपट आल्यास थांबे काढणे.

शेतकरी बंधूंनो, एका एकराला लागणाऱ्या वीस काठ्या आपल्याच पऱ्हाट्यांतून निघतात आणि त्या रोवायला दोन माणसांची अर्धी सकाळ पुरते. एक फवारणी जरी त्यामुळे वाचली, तरी औषध, मजुरी व पाणी यांचा खर्च खिशात राहतो, ओंजळीतला हरभरा अधिक निर्धोक होतो आणि संध्याकाळी शेतावरून परतताना काठीवर बसलेला कोतवाल दिसतो. येत्या हंगामात निदान एका एकरात हा प्रयोग करून पाहावा, दोन्ही भागांतील अळ्यांची नोंद ठेवावी आणि ती आपल्या भागातील कृषि विज्ञान केंद्राला किंवा विद्यापीठाच्या विस्तार कार्यकर्त्यांना दाखवावी. आपल्या वहीतील आकडे शेजाऱ्याला पटवून देण्यास अशा दहा लेखांपेक्षा अधिक उपयोगी पडतील.